वाटीभर कफ

मानवी देहात वर्षानुवर्षं साठलेलं दुःख दैवी शक्तीने उपसून काढण्याचं महत्कार्य गेल्या रविवारी देवासमध्ये पार पडलं. उपसा नाकातून होता.

खातेगांवकडच्या एका बाबांनी आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात शिबिर लावलं होतं. नाकपुडीत जडीबुटीच्या रसाचे दोन थेंब. वीस मिनिटांत स्टीलची वाटी भरे. "देखो, बीस साल का कफ!" बाबा वाटी उंच धरत. गर्दी हात जोडी. शेंबडाला नमस्कार होताना मी प्रथमच पाहिला.

शेजारच्या सुरेखावहिनींच्या सकाळीच दोन वाट्या निघाल्या होत्या. त्यांना दोन वर्षं वास येत नाही. परवा गॅस गळत होता, तोही कळला नाही. इंदूरला गुरुवारी नाकाचं ऑपरेशन ठरलेलं.

"आता कशाला, भाऊजी? सगळं निघालं की! ह्यांनी लगेच फोन करून तारीख रद्द केली."

"वास येतो का?"

"येईल हो. बाबा म्हणाले, धीर धरा."

त्यांची लेक अवंती शाळेत जीवशास्त्र शिकवते. ती उठली. "बाबाजी, मला सर्दीसुद्धा नाही. माझ्या नाकात घाला."

"निरोगी को नहीं देते बेटी. ऊर्जा व्यर्थ जाती है."

"जाऊ दे व्यर्थ!"

"डाल दो भिया," मागून कोणी ओरडलं. थेंब पडले. अवंती कळवळली आणि वीस मिनिटांत तिने तीन वाट्या भरल्या.

"मी तेवीस वर्षांची. वाटीला वीस वर्षं, तर हा साठ वर्षांचा कफ कुठून आला?" ती आईकडे वळली. "आई, हे साठलेलं नाही, आत्ता तयार झालंय. रस झोंबला की नाकाचं अस्तर पाणी सोडतं, कांदा चिरताना डोळे सोडतात तसं. तुझं दुखणं वेगळं. कायमच्या सुजेने तुझं अस्तर जाड झालंय, शेंबूड करणाऱ्या पेशी वाढल्यात, सुजलेल्या अस्तराचे द्राक्षांसारखे घोस वाट अडवून बसलेत. त्यातला एक तरी वाटीत दाखव!"

वहिनी वाटीत पाहत राहिल्या.

"बेटी में ज़्यादा भरा था," बाबा म्हणाले. रांग पुढे सरकली. तीन वाट्या समोर असताना सरकली! लोकहो, एवढंच करा: चमत्कार आधी धडधाकट माणसावर करून पाहा. त्याच्यावरही झाला, तर तो तुमच्या रोगावरचा उपाय नव्हे.

वहिनींनी स्वतःच नवऱ्याला पुन्हा इंदूरला फोन लावायला सांगितलं. गुरुवारची जागा दुसऱ्या पेशंटला गेली होती. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.