चोळायचं नाही

एमिलचा ठोसा नाकावर बसला आणि ऑरिन खुर्चीसकट मागे कोसळला. टेबल उलटलं, बिअरचे ग्लास फुटले, मधे पडायला गेलेल्यांनीच एकमेकांच्या कॉलरी धरल्या. कोच लुड कोवारिकच्या कबरीवरची माती अजून ओली होती आणि इकडे गावच्या बारमध्ये त्याचे दोन जुने खेळाडू हाणामारी करत होते. ऑरिन एवढंच म्हणाला होता, की कोचला बेसबॉलपेक्षा मारामारी जास्त कळायची. ते खोटं ठरवायला एमिलने हा ठोसा लगावला होता.

ऑरिन धडपडत उठला. नाकातून निघालेलं रक्त हनुवटीवरून पांढऱ्या शर्टावर ठिबकत होतं, पण त्याने हात खालीच ठेवले. तसा सगळा बार टाळ्या वाजवू लागला. एमिलने तर त्याला मिठीच मारली.

कोचचा नियमच तसा होता. चेंडू अंगावर बसला तरी चोळायचं नाही, मुकाट्याने पहिल्या बेसकडे चालू लागायचं. सरावात कोणी चोळलंच, तर कोच पुढचा चेंडू नेमका तिथेच हाणायचा. कोणाची बरगडी मोडली, कोणाचे दात पडले, हे सांगताना आता या म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत होते. स्वतःची मोडलेली हाडं माणसाला इतकी लाडकी कशी होतात, कोण जाणे. रविवारी मैदानाच्या कुंपणावर ‘चोळायचं नाही’ असं मोठ्या अक्षरांत रंगवायचं ठरलं होतं. फक्त कोचच्या मुलीचा, व्हर्नाचा होकार यायचा होता.

व्हर्ना दफन उरकल्यापासून काउंटरपाशी बसून होती. प्रत्येक आठवणीला ती मान डोलवत आली होती. आता ती उठली, फडक्यात बर्फ गुंडाळला आणि ऑरिनसमोर धरला.

ऑरिनने मान फिरवली. “राहू दे पोरी. कोच वरून बघतोय.”

“आईही हेच म्हणायची,” व्हर्ना म्हणाली.

एमिल हसला. “तुझी आई कधी खेळायची गं?”

“खेळायची नाही, एमिलकाका. जेवण गार झालं, तरी बाबांना हात उचलायला तेवढं पुरायचं. मी तिचा खांदा चोळायला गेले, की माझा हात धरायची. म्हणायची, नको, तो बघतोय.”

तिने हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. फडक्यातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तिची आई बारमधल्या या सगळ्यांना भाजलेलं मांस आणि पाव करून वाढायची, तेव्हा ते तिला कणखर म्हणायचे आणि कोचला नशीबवान.

“मग ते कुंपणाचं...” एमिल पुटपुटला.

“नका लिहू.”

ऑरिनने फडकं घेतलं. बर्फ नाकाला लागताच तो कळवळून ओरडला, आणि कोणीही त्याला हसलं नाही.