पेवाचं तोंड

आमच्या हरीशला वंशावळीचं खूळ लागलं. आजा, पणजा लिहून झाले, पणज्याच्या पुढं नावच सापडंना, तर हा गावभर हिंडून राहिला. वेशीचे दगड बघ, पडकी गढी बघ, म्हाताऱ्याकोताऱ्यांना इचार. "अरे, हळद शिजवायची राहिली, अन् तू मेलेली माणसं काहून उकरून राहिला?" आईचं ऐकंल तर शपथ!

पलीकडच्या गल्लीतल्या शालूआजीनं त्याला सांगितलं, रझाकाराच्या वक्ताला तुहा आजा तान्हा व्हता, तुमच्या गोठ्यामागच्या पेवात लपवला व्हता. पेव म्हंजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा, आत पोटासारखा रुंद, वर माणूस जेमतेम उतरंल एवढं तोंड. झालं! दुपारी पोरानं त्याच्यावरची शिळा सरकवली.

"आधी कंदील सोड खाली," मी वरडले. "इझला तर उतरू नको. जुन्या पेवातली हवा जीव घेती."

"आई, मोबाईलची बॅटरी हाय ना. समदं दिसून राहिलं."

दिसायचं कोण बोलून राहिलं, मेल्या! बैलाचा दोर कमरेला बांधल्याबिगर हलू दिलं न्हाई, एवढंच माहं चाललं.

खालून आवाज आला, "आई, भिंतीला लिपण अजून..." अन् मधीच बंद.

"हरीश! ए हरीश!" बॅटरी खाली तशीच जळून राहिली, पण पोरगं बोलंना. मी उडीच टाकणार, तर शेजारच्या कोंडीबानं दंड धरून मागं ओढलं. "वहिनी, दोघंबी मरसाल! दोर ओढा!" तळहाताची सालटं निघाली तरी दोर हालंना. देवा नागनाथा, मला ने, पण ह्याला सोड, असं मी मोठ्यानं रडून म्हणत व्हते.

गल्लीतले चार गडी धावून आले, तवा कुठं निळं पडलेलं पोर बाहेर आलं. कोंडीबानं छाती दाबली, पाणी मारलं. लई येळानं खोकला आला. म्या आधी त्याला पोटाशी धरलं, मंग एक थोबाडीत दिली.

गलका ऐकून शालूआजी आली. पेवाचं उघडं तोंड पाहून दोन पावलं मागं सरली.

"उतरू नको म्हणून सांगायचं ना!" म्या तिच्यावर राग काढला.

"आमचाबी दिवा इझला व्हता," ती म्हणाली. "पण वर घोड्याच्या टापा. कोण निघंल? माही बहीण पेमा, ह्याच्या आज्याची माय. तिनं लेकरू डोक्याच्या वर धरलं अन् मला बारकीला खांद्यावर बसवलं. घोडे गेल्यावर लोकांनी लेकरू घेतलं, मंग मला. मंग दोर सोडला. धरायला ती उरली न्हाई."

मी तर सासऱ्याची माय म्हणून पणज्याच्या दुसऱ्या बायकोलाच पुजत व्हते. "इतकी सालं बोलल्या काहून न्हाई?"

"समदे बाप्यांचीच नावं इचारत्यात, बाई."

हरीश माह्या मांडीवर पडून ऐकून राहिला. त्याचा हात मला सोडवंना. भीत भीत म्या इचारलं, "आजी, गावात अजून कोणाच्या घरची बाई अशी पेवात गेली?"

शालूआजीनं गल्लीकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कोणतं घर सांगू?"