डाव्या पेटीत नवा, उजव्या पेटीत मी

मित्रांनो, मी एक जुना क्रॉसओव्हर आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. स्पीकरच्या पेटीत आत बसवलेली तळहाताएवढी पाटी म्हणजे मी. आलेल्या आवाजाच्या मी वाटण्या करतो. बारीक सूर वरच्या छोट्या स्पीकरला, जाड सूर खालच्या मोठ्याला. कारखान्यातून पेटीबरोबरच आलो, म्हणून मला तोरा फार.

हरिबांनी आम्हा जुळ्या भावांना, दोन पेट्यांसकट, सांगलीहून औंधजवळच्या वस्तीवर आणलं. हरिबा मेंढपाळ, पण पंचक्रोशीत नाव होतं ते त्यांच्या धनगरी ओव्यांचं. सहा वर्षांपूर्वी नातवानं, विश्वजितनं, त्यांची बिरोबाची ओवी मोबाइलवर टिपून ठेवली. पुढं घशाचं दुखणं आलं, ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता ते गळ्याच्या भोकातून श्वास घेतात, आणि मोबाइलवरची ती ओवी आमच्या पेट्यांतून वाजते.

"पेटी वाजली की आमचं धनी बोलत्यात," असं त्यांची बायको सुलाबाई सगळ्यांना सांगायची. मी फुगून जायचो.

यंदा जत्रेत ती ओवी नात राणीनं गायची ठरली. पण शेवटच्या कडव्यात तिचा दम तुटायचा. "आज्जा मधी श्वास कुटं घेत हुता, त्येच कळत न्हाई!" ती रडकुंडीला आली. हरिबा हातानं दाखवायला जायचे, पण गळ्यात सूर नसल्यानं हातालाही आठवेना. ओवी मधेच तुटणं म्हणजे देवापुढं नामुष्की. हरिबांनी तर जेवण सोडलं.

जत्रेच्या दुपारी विश्वजित शिरवळहून सुट्टीवर आला. पाच वाजता ढोलावर थाप पडणार होती. त्यानं स्वतः जोडलेले दोन नवे क्रॉसओव्हर पिशवीतून काढले. "कंपनीनं हलका माल घातलाय जुन्यात. आतनं वाळला आसंल."

हलका माल! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

फरक कळावा म्हणून त्यानं डाव्या पेटीतला माझा भाऊ काढून नवा बसवला. उजवीकडं मी तसाच. दोन्ही पेट्या एकदम लावल्या, आणि हरिबांचा आवाज पार पातळ झाला. कुठून येतोय तेच कळेना.

"आरं, आवाज कुटं गेला त्येंचा?" सुलाबाई ओरडली. चार वाजले होते. विश्वजितला घाम फुटला. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. घे म्हटलं, नवा!

हरिबा उठले. डोळे मिटून, नुसत्या घंटीवरून मेंढरू कुठं आहे ते सांगणारा माणूस तो. दोन पेट्यांच्या मधोमध उभे राहिले, कान दिला, मान हलवली. मग डाव्या पेटीमागं जाऊन त्यांनी आपल्या डाव्या बरगडीवर थाप मारली आणि तळवा उलटा केला.

"आरं तिच्या!" विश्वजितनं कपाळावर हात मारला. ह्या घरात मेंढराला गेरूची खूण कायम डाव्या अंगाला. त्याच सवयीनं त्यानं लाल तार डावीकडं जोडली होती. पण पेटी पाठमोरी धरल्यानं डावं-उजवं बदललं होतं. त्यामुळं एक पेटी आवाज ढकलत होती, तर दुसरी ओढत होती.

तारा बदलल्या आणि आवाज मधोमध येऊन बसला. मग त्यानं एकेक पेटी ऐकवली. आधी मी. भरदार, ओळखीचा सूर. सुलाबाई हसली. मग एकटा नवा.

शेवटच्या कडव्याच्या मधेच बारीकसं काही आलं. हुस्स.

"ह्योच! हितंच घेतो आज्जा श्वास!" राणी टुणकन उठली.

सुलाबाईचे डोळे भरले. "आवं, ह्यो तुमचा नाकातला श्वास. आपरेशनाच्या आदीचा." हरिबांचा हात गळ्याच्या भोकाकडं गेला आणि तिथंच राहिला.

मित्रांनो, मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझ्यातला बारीक सूर सोडणारा भाग कधीच वाळला होता, आणि मी आपला तोऱ्यात. विश्वजितनं मलाही काढून भावाशेजारी बाजेवर ठेवलं.

पाचला सगळे देवळाकडं गेले. माळावरून राणीचा आवाज येत होता. शेवटचं कडवं आलं. माझा जीव टांगणीला लागला. ती थांबली, बरोब्बर तिथंच, आणि ओवी पुरी झाली.

जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. जपाच, बाबांनो. पण अधूनमधून उघडून बघत जा, आत काही वाळलं असेल तर वेळेवर बदला. सहा वर्षं त्या माणसाचा आवाज मी सांभाळला, आणि सहा वर्षं त्याचा श्वास अडवून बसलो.