एक घंटी

कंडक्टरबाईंना डेपोत सगळे भोंगा म्हणत, आणि बाईंना त्याचा राग नव्हता. उलट कुणी पाठीमागे कुजबुजलं तर त्या वळून म्हणायच्या, "अरे, समोर म्हण की! कमावलेलं नाव आहे ते." खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दारातून त्यांनी "पुढे सरका" म्हटलं की पुढचा ड्रायव्हरसुद्धा सीटवर बसल्या बसल्या इंचभर सरकतो, अशी डेपोत थट्टा चालायची. तो ड्रायव्हर म्हणजे त्यांचा नवरा.

नवरा पहिल्यापासून अबोल. त्याच्याशी बोलायचं ते घंटीनं. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. बाईंनी मागून दोरी ओढायची आणि त्यानं पुढे ऐकायचं, असा त्यांचा संसार बसमध्ये सुरू झाला आणि तसाच घरी आला. जेवताना ताटावर चमचा एकदा वाजला की वाढणं पुरे. दोनदा वाजला की उठू या. लेक लहान होती तेव्हा बाथरूमच्या दारावर दोनदा ठोकायची, म्हणजे बाहेर या, मला शाळेला उशीर होतोय. "आमच्या घरात बोलायचं काम एकटी आई करते," ती मैत्रिणींना सांगायची, "बाकीचे आम्ही घंट्या वाजवतो."

आता नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. बाई निवृत्त झाल्या होत्या. आणि लेकीनं चर्चला यायचं सोडलं होतं.

बाईंचं चर्च टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचं. तिथे ढोल होता, गिटार होती आणि कानठळ्या बसवणारा स्पीकर होता. पाळकांच्या दर वाक्याला अख्खा हॉल "आमेन!" म्हणून उत्तर द्यायचा. कुणी रडायला लागलं तर दहा हात त्याच्या डोक्यावर पडायचे. कुणी नाचायचं, कुणी हात वर करून ओरडायचं, कुणी चक्क जमिनीवर आडवं व्हायचं आणि घाम पुसत उठून बसायचं. बाईंना तिथे पाण्यात मासा असावा तसं वाटे. नवऱ्याच्या आजारपणात त्याच माणसांनी घर उचलून धरलं होतं. डबे आणले, औषधं आणली, शेवटच्या आठवड्यात पलंगाभोवती कोंडाळं करून रात्रंदिवस गाणी म्हटली. असली माणसं कुठे मिळतात? आणि ही पोरगी त्यांना सोडून निघाली होती.

बरं, सोडून गेली तर कुठे, तर जिथे सगळे तासभर गप्प बसतात तिथे.

"गप्प बसायला एवढ्या लांब कशाला जायला हवं?" बाई म्हणाल्या होत्या. "गप्प तर तू घरीही बसतेस."

ते मात्र खरं होतं, आणि तेच बाईंच्या जिवाला लागलं होतं. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. संध्याकाळी घरी यायची, जेवायची, भांडी विसळायची आणि खोलीत जायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. बाई दोघींच्या वाटचं बोलायच्या, पण भिंतीशी किती बोलणार? नवरा गेला, आता लेकही हातची जाणार, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. शेवटी एका रविवारी त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल, मी पण येते तुझ्या मौनी बाबांच्या मठात."

लेकीला बाहेर काढायचं, हाच त्यांचा बेत होता. देवापासून त्यांनी तो लपवला नव्हता, फक्त लेकीपासून लपवला होता.

वाटेत लेक म्हणाली, "आई, तिथे पाळक नसतो. सगळे शांत बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उभा राहून बोलतो."

"आणि मग?"

"मग काही नाही. खाली बसतो. त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही."

"आमेन तरी?"

"आमेनही नाही. काहीच नाही. जे बोललं ते फक्त ऐकायचं. एवढं सांभाळशील ना?"

"न सांभाळायला काय झालं? मी काय लहान आहे?" असं म्हणून बाई कोपऱ्यापर्यंत त्याच विषयावर बोलत राहिल्या.

खोली साधी होती. क्रूस नाही, वेदी नाही, मंच नाही. चौकोनात मांडलेले लाकडी बाक आणि मधे टेबलावर पाण्याचा जग. दारात एका बाईंनी हसून नुसता हात हातात घेतला. बाई बसल्या आणि पहिली पंचाईत झाली ती डोळ्यांची. त्यांच्या चर्चमध्ये सगळे समोर बघतात. इथे समोर म्हणजे समोरच्या बाकावरची माणसं. एक काठीवाले आजोबा, नखांत रंग अडकलेला एक रंगारी, मांडीवर हात ठेवून बसलेली एक तरुण बाई. जिकडे बघावं तिकडे कुणाचं ना कुणाचं तोंड. शेवटी त्यांनी पाण्याच्या जगाकडे बघायचं ठरवलं.

मग शांतता सुरू झाली, म्हणजे काही सुरूच झालं नाही. बाई वाट बघत होत्या. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. बाक करकरला. बाहेर एक सायकल गेली. ही माणसं देवाला भेटायला आलीत की दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलीत, तेच त्यांना कळेना. मधेच त्यांनी लेकीकडे चोरून पाहिलं. तिनं डोळे मिटले होते, पण चेहरा शांत वगैरे काही नव्हता. ओठ घट्ट आवळलेले होते. माझं पोर इथे येऊन नुसतं कुढतंय, बाईंना वाटलं, आणि ही सगळी शहाणी माणसं बघत बसलीत.

ज्याला आतून वाटेल त्यानं उभं राहायचं, हाच नियम ना? बाईंना आतून वाटायला कधी वेळ लागत नसे. त्या उठल्या आणि त्यांनी गाणं धरलं.

पैलतीरी दिवा दिसे, घाबरू नको मना. नवऱ्याच्या पलंगाशी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं गाणं तेच. पहिली ओळ छताला जाऊन भिडली. टायरच्या दुकानावर असत्या तर दुसरी ओळ ढोलानं उचलली असती, तिसरी सगळ्या हॉलनं. इथे दुसरी ओळ त्यांची त्यांनाच ओढावी लागली आणि तिसरीही. उभ्या जन्मात बाईंनी ते गाणं एकटं ऐकलं नव्हतं. एकटं ऐकलं तर ते फार हळवं गाणं होतं. त्यांचा आवाज कडव्याच्या शेवटी जरा कापला आणि त्या खाली बसल्या.

कुणी रागावलं नाही. काठीवाल्या आजोबांनी डोळे उघडले, मान किंचित हलवली आणि पुन्हा मिटले. रागावले असते तर बरं, बाईंना वाटलं. दोन घंट्या द्याव्यात आणि बस जागची हलू नये, तसं झालं होतं. लेकीचे कान लालभडक झाले होते. गेलं, सगळं गेलं, आता ही पोरगी घरी माझ्याशी उरलंसुरलंही बोलायची नाही.

आणि तेवढ्यात लेकच उभी राहिली.

"हे गाणं..." ती म्हणाली आणि थांबली. कुणी घाई केली नाही. "हे गाणं माझे बाबा जायच्या वेळी आमच्या घरी चाललं होतं. बाबा पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवत होते. सगळ्यांना वाटलं, ताल धरलाय. सगळे आणखी जोरात गायला लागले. पण ते एकेकदाच वाजवत होते. एकदा वाजवायचे आणि थांबायचे. मग परत एकदा." "आमच्या घरात एकदा म्हणजे थांबा. मला कळलं होतं. त्यांना थोडा वेळ शांत हवं होतं. मी दारातच उभी होते, आणि मी काही बोलले नाही. आई इतकी जीव तोडून गात होती, तिला थांब कसं म्हणू? मला नाही सांगता आलं. बाबांनी मला एवढंच काम सांगितलं होतं, आणि ते मी केलं नाही."

ती खाली बसली.

बाईंच्या जिभेवर सगळं एकदम आलं. तुझी काय चूक त्यात, असं म्हणायचं होतं. तुझ्या बाबांना गाणी आवडायची गं, असंही म्हणायचं होतं. ते खरंही होतं. असलं काही झालंच नाही, तुला भास झाला, तू थकली होतीस, हेही म्हणायचं होतं. लेकीला उराशी धरून मोठ्यानं प्रार्थना करायची होती. टायरच्या दुकानावर असत्या तर एव्हाना दहा हात लेकीच्या डोक्यावर असते आणि त्या गलक्यात तिचं बोलणं कधीच विरून गेलं असतं. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा. पण उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांनी शब्द दिला होता. त्यांनी तोंड मिटलं, आणि आयुष्यात इतकं जड काही त्यांनी उचललं नव्हतं.

तोंड मिटल्यावर मग ऐकू येऊ लागलं. ती अंगठी. टण्. मग काही नाही. मग पुन्हा टण्. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, नवऱ्याच्या पायांवर हात ठेवून, डोळे मिटून गात होत्या. त्यांना वाटलं होतं, बघा, माझा माणूस शेवटीही सुरात आहे. त्या आनंदानं त्यांनी आवाज चढवला होता. किती वर्षं त्यांनी मागून घंटी दिली, आणि त्या माणसानं एकदाही न चुकता गाडी थांबवली. पावसात, गर्दीत, चढावर, कधीही. ताटावरचा चमचा सोडला तर त्यानं जन्मात पहिल्यांदा त्यांना एक घंटी दिली, आणि भोंग्याला ती ऐकू आली नाही.

बाई रडल्या. आवाज न करता रडायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे नाकातून, खांद्यातून, कुठून कुठून ते बाहेर पडत होतं. कुणी उठून आलं नाही. पण त्यांनी मान वर केली तेव्हा दिसलं की रंगाऱ्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. आजोबांनी काठी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. ही माणसं नुसती बघत बसलेली नव्हती. लेकीनं ठेवलेलं ओझं सगळ्यांनी मिळून धरलं होतं, आणि कुणीही ते तिच्याकडे परत ढकलत नव्हतं. म्हणून ती इथे येत होती तर. घरी ते खाली ठेवायला जागाच नव्हती. घरात सगळीकडे बाईंचा आवाज भरलेला होता.

बऱ्याच वेळानं आजोबांनी शेजारच्या माणसाचा हात हातात घेतला. तीच उपासना संपल्याची खूण होती. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, बाक सरकले, आतल्या खोलीत कपबश्या वाजू लागल्या. लेक पटकन उठली. तिनं पिशवी खांद्याला लावली. आईकडे तिनं बघितलंच नाही. चल, घरी जाऊन काय बोलायचं ते बोल, असं तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

बाईंनी बाकाच्या लाकडावर अंगठी वाजवली. एकदा.

लेक जागच्या जागी थांबली. लहानपणापासून अंगात मुरलेलं होतं ते, पायांनीच ऐकलं. ती वळली. आईचं रडून सुजलेलं तोंड तिनं पाहिलं आणि ती हळूच शेजारी येऊन बसली.

"मला ऐकू आलं नाही गं," बाई म्हणाल्या. त्यांचा तो आवाज कुणी ओळखला नसता.

"मला आलं होतं, आई. म्हणून तर..."

लेकीचं वाक्य अर्धंच राहिलं. पूर्वीच्या बाई असत्या तर त्यांनी ते पुरं करून टाकलं असतं, वर दोन वाक्यं आपली जोडली असती. त्यांनी काही जोडलं नाही. लेकीचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

दारातल्या बाई चहाचं विचारायला डोकावल्या आणि तशाच मागे फिरल्या. खोली रिकामी झाली. टेबलावर पाण्याचा जग होता आणि त्या दोघी होत्या. लेक रडली, मग थांबली, मग बाबांविषयी आणखी थोडं बोलली. बाई ऐकत राहिल्या. किती वेळ बसायचं, हे त्यांनी विचारलं नाही. दोन घंट्या द्यायचं काम त्यांनी लेकीवर सोडलं होतं.