एक्केचाळीस नंबरचा कुड

नवशीने भिंतीवर आतून अंगठा दाबला तर तो पेरभर आत गेला. तिने तो बाहेर काढून हुंगला. ओल्या मातीचा वास असता तर तिला काही वाटले नसते. हा कुजलेल्या काडीचा वास होता. मग तिने कोयत्याच्या मुठीने भिंत खालपासून वरपर्यंत ठोकत नेली. कमरेच्या खाली सगळीकडे पोकळ आवाज येत होता.

"वाळवी लागली," ती म्हणाली.

ओटीवर दोर वळत बसलेल्या रघ्याने, तिच्या नवऱ्याने, मान वर केली नाही. "त्या बाईला सांग. भिंत तिची हाय ना आता."

ती बाई म्हणजे निलम मॅडम. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायचे ठरले, तेव्हा समितीने मुंबईच्या एका संस्थेला काम दिले आणि संस्थेने निलम मॅडमला पाठवले. पहिल्या चाळीस नंबरांत किनाऱ्यावरचे बंगले, एक धर्मशाळा, दोन विहिरी आणि बागायतदारांची घरे आली. मग बैठकीत कोणीतरी म्हणाले, डोंगरातले एकही घर नाही, लोक काय म्हणतील. म्हणून गाडी तलासरीच्या बाजूने आत वळली आणि पाड्यावर येऊन थांबली. पाड्यावर बारा घरे. अकरांच्या भिंती विटांच्या किंवा पत्र्याच्या झालेल्या. काडी-मातीच्या कुडाचे घर एकच उरले होते, तेही नवशीचे. कारण आसपासच्या पाच पाड्यांत कुड बांधायला लोक तिलाच बोलावत, आणि स्वतःच्या घराला तिने विटा लावल्या असत्या तर लोकांनी तिला बोलावणे सोडले असते.

मॅडम चांगली होती. वयाने नवशीच्या लेकीएवढी, चंद्रिकेएवढी, उन्हाने लाल झालेली, दर दोन वाक्यांनंतर "मावशी" म्हणणारी. तिला फक्त घराचे वय हवे होते. नवशीने जे होते ते नीट सांगितले. मेढीचे खांब सासऱ्याने रोवलेले. आढे मुलगा संदीप झाला त्या साली बदलले. कौले घोलवडच्या एका बंगल्याची, तो पाडला तेव्हा रघ्याने बैलगाडीने आणलेली. मावळतीचा कुड चार वर्षांचा, उगवतीचा सहा. जमीन गेल्या सोमवारची.

"पण घर किती वर्षांचं, मावशी?"

"तेच सांगतंय ना."

मॅडमने बराच वेळ पेन धरून ठेवले आणि शेवटी लिहिले, अंदाजे सत्तर वर्षे. घराला एक्केचाळीस नंबर मिळाला. निळा पत्रा ठोकायला आणलेले खिळे कुडात धरेनात, म्हणून अंगणात सिमेंटचा खांब पुरून त्यावर तो लावला. आणि जाता जाता मॅडमच्या माणसांनी मावळतीच्या भिंतीवर बाहेरून एक पाण्यासारखे पातळ औषध ब्रशने मारले. या बाजूला पावसाचा मारा जास्त, याने भिंतीत पाणी जाणार नाही, असे मॅडमने सांगितले.

पाणी बाहेरून गेले नाही, हे खरे. पण ते जमिनीतून वर चढते आणि वळचणीतून खाली उतरते. एरवी पाऊस सरला की कुड महिनाभर उन्हात वाफ सोडतो आणि खडखडीत होतो. या भिंतीला वाफ सोडायला तोंडच राहिले नव्हते. दिवाळीनंतर नवशी सारवायला गेली, तर शेणकाला त्या औषधाच्या चकचकीत पापुद्र्यावरून घसरून खाली आला. तिने पुन्हा थापला, पुन्हा घसरला. तेव्हाच तिला भीती वाटली होती. आता चैत्र संपत आला होता.

दुसरी कुठलीही भिंत असती तर नवशीने एवढे मनाला लावून घेतले नसते. पण भिंतीपलीकडची खोली बाळंतिणीची होती. घरात वारा न लागणारी आणि दुपारभर ऊब धरणारी ती एकच जागा. चंद्रिका तिथेच जन्मली होती. सरावलीला दिलेल्या चंद्रिकेचे दिवस जेठात भरत होते आणि पहिलटकरीण म्हणून ती माहेरी यायची होती. बाळंतपण दवाखान्यातच करायचे, हे ठरलेले होते; पण त्यानंतर दीड महिना पोर त्या भिंतीला लागून झोपणार होते. आताच भिंतीच्या आतल्या अंगाला हिरवी बुरशी आली होती, आणि मागच्या आठवड्यात नवशीने तिच्या बुडातून दोन विंचू काढले होते.

कुडाच्या काड्यांसाठी कारवी तयार होती. पौषात पलीकडच्या डोंगरातून आणलेल्या मोळ्या चुलीवरच्या माळ्यात धुरावर सुकत होत्या. माती आठ दिवस मुरवायची, तीन दिवस बांधायचे, बारा दिवस वाळू द्यायचे. नवशीने बोटांवर हिशेब केला आणि खड्ड्यात माती भिजत घातली. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून नोटीस आली, की यादीतल्या घराला परवानगीशिवाय हात लावता येणार नाही.

म्हणून ती डहाणूला गेली. जीपने, मग एसटीने, मग ऊन डोक्यावर घेत पायी. कचेरीत सुनिल नावाचा मुलगा होता, शेजारच्याच गावचा, तिला काकी म्हणणारा. त्याने पंखा तिच्याकडे वळवला, अर्ज स्वतः लिहून दिला आणि सांगितले, की अर्जाला दुरुस्तीचा आराखडा हवा, साहित्याचा तपशील हवा, आणि समितीच्या यादीतल्या अनुभवी कारागिराचे संमतीपत्र हवे.

"मग दे की कोन कारागीर हाय तो."

सुनिलने संगणकावर यादी उघडली. चुनेकाम, सुतारकाम, दगडकाम, कुडकाम. कुडकामाखाली एकच नाव होते. त्याने पडद्याकडे पाहिले, नवशीकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"काकी, तुमचंच नाव हाय."

"मग झालं. मी संमती देते. कुठं सही करू?"

"नाय ना. घरमालकानं स्वतःच्या घराचं काम घ्यायचं नाय, असा नियम हाय. घोटाळे होतात म्हणून."

"माझ्या भिंतीत मी काय घोटाळा करनार, शेण कमी घालनार?"

सुनिल हसला. साहेबांना विचारतो म्हणाला. साहेब पालघरला बैठकीला गेले होते. नवशी चार दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हा साहेब होते पण सुनिल प्रशिक्षणाला गेला होता, आणि साहेबांना अर्ज सापडला नाही. तिसऱ्या खेपेला दोघेही होते. साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, कुडाच्या घरात किती गारवा असतो ते तिलाच समजावून सांगितले, आणि मग म्हणाले, की नियमाप्रमाणे मूळ साहित्यातले ऐंशी टक्के राखले पाहिजे, आणि तरी परवानगी समितीच देणार, आणि समिती आषाढात बसते.

"आषाढात माती वाळत नाय, साहेब."

साहेब म्हणाले, तो मुद्दा त्यांनी लिहून घेतला आहे.

"आणि पोर थांबत नाय," नवशी म्हणाली. तो मुद्दा त्यांनी लिहून घेतला नाही.

घरी येईपर्यंत तिचा राग पायांत उतरला होता. खड्ड्यातली माती मुरून मुरून आंबट वास सोडू लागली होती. संदीप घोलवडहून आला होता. तिथे तो चिकूच्या पॅकिंगला होता आणि शनिवारी घरी येई. त्याला तो निळा पत्रा आवडायचा. पॅकिंगमधल्या सगळ्या पोरांना त्याने फोनवर त्याचा फोटो दाखवला होता. त्याने नोटिशीचा कागद आईपुढे धरला आणि सांगितले, की मूळ भिंत पाडली तर गुन्हा दाखल होतो, खाली छापलेच आहे. आषाढापर्यंत थांबू, चंद्रिकेला तिच्या सासरीच राहू दे, त्यांच्याकडे स्लॅबची खोली आहे.

हे शेवटचे ऐकून नवशी ताडकन उठली. चंद्रिकेची सासू गेल्याच आठवड्यात फोनवर हेच म्हणाली होती, तुमच्याकडे आता सरकारी घर, तिथं पोराला कुठं ठेवणार. तेव्हा नवशीने ते गिळले होते.

"मूळ भिंत कुठली रे?" ती संदीपला म्हणाली. "ही मी बांधली, तू बारावीला होता तवा. त्याच्या आदली वाळवीनं खाल्ली. त्याच्या आदली तुझ्या आज्यानं उकलून चुलीत घातली. तुमच्या त्या ऐंशी टक्क्यांत आता नुसती वाळवी हाय. ती ठेवू सांभाळून?"

रघ्या उठला, त्याने वळलेल्या दोराची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि भिंतीकडे गेला. गेले तीन आठवडे तो कशासाठी दोर वळत होता, ते तेव्हा संदीपच्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी भिंत काढली. शेजारची रखमी आली, बुधी आली. फार काही पाडावे लागलेच नाही. वरचा दोर कापला आणि कुड आपणच मांडी घालून बसला. काड्यांचा हातात भुगा होत होता. बाहेरच्या अंगाचा तो चकचकीत पापुद्रा मात्र धड होता. सापाची कात निघावी तसा तो लांबच्या लांब निघून आला. बुधी म्हणाली, "एवढाच पदार्थ टिकाऊ बगा." त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की रखमीला खाली बसावे लागले. दुपारपर्यंत संदीपही गुडघ्यापर्यंत पाय चिखलात घालून माती तुडवत होता.

नवशीने कारवी एकेक निवडून उभी केली, बुंधा खाली, शेंडा वर. आडव्या कांबींना रघ्याने दोर आवळले. मग मातीत शेण आणि भाताचा तूस घालून आतून-बाहेरून लिंपण. नवशीचा हात एकाच लयीत तळव्यापासून बोटांकडे जात होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत उभी राहिली आणि वैशाखाच्या उन्हात तिने वाफ सोडायला सुरुवात केली.

नवव्या दिवशी निलम मॅडम आली. कोणी कळवले, ते तिने सांगितले नाही, नवशीनेही विचारले नाही. मॅडमने भिंतीवर हात ठेवला. तळाशी अजून गार लागत होते. तिचा चेहरा उतरला.

"मावशी, मला एक फोन तरी करायचा."

नवशी घरात गेली आणि जुन्या कुडाचा एक तुकडा घेऊन आली. कुजलेल्या चार काड्या आणि त्यांना चिकटलेला तो पापुद्रा. तिने तो मॅडमच्या हातात दिला. मॅडमने पापुद्रा नखाने सोडवला, उन्हाकडे धरला. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब अजून होते.

"हे मी करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी असं लिहीन अहवालात."

"लिही, बाय. पन पाणी पिऊन जा आधी."

ती पाणी प्यायली. नंतर ओटीवर बसून फॉर्म भरला. फॉर्ममध्ये दोनच चौकोन होते, मूळ साहित्य आहे आणि मूळ साहित्य नाही. तिने तिसरे काहीतरी समासात बारीक अक्षरात लिहिले आणि कागद पालथा केला.

चंद्रिका ठरल्या दिवशी आली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन त्या खोलीत निजली. पाचवी झाली, त्याच दुपारी, आषाढाच्या आधीच, पोस्टाने समितीचे पाकीट आले. संदीपने ओटीवर बसून वाचले. वास्तू क्रमांक एक्केचाळीस, मूळ साहित्य नष्ट झाल्याने अस्सलपणा उरलेला नसल्याकारणाने यादीतून वगळण्यात येत आहे. फलक शासकीय मालमत्ता असल्याने जपून ठेवावा.

"आणि दुसरा कागद हाय," संदीप म्हणाला. तो वाचताना त्याचा आवाज जरा चढला. श्रीमती नवशी या कुडकामातील एकमेव अनुभवी कारागीर असल्याने, पुढील महिन्यात पालघर येथे होणाऱ्या कार्यशाळेत वास्तुविशारदांना अस्सल कुड कसा बांधतात, याचे प्रात्यक्षिक द्यावे, ही विनंती. खाली सही तीच, शिक्का तोच.

रघ्या खोकला की हसला, ते कळले नाही. संदीपने विचारले, काय कळवू.

आतून नवशीचा आवाज आला, दबका, कारण पोर नुकतेच झोपले होते. "सांग त्यांना, पोरगी दीड महिन्याची होईस्तोवर मी कुटं जायची नाय. घाई असंल तर इकडं या म्हणावं, दाराशी चपला काढून."

ती पोरीच्या उशाशी बसली होती. चंद्रिका कुशीवर वळून झोपली होती. भिंतीवर, पोरीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, सुकताना पडलेली केसासारखी एक चीर नवशीला दिसली. ती उठली, चुलीजवळच्या घमेल्यातला काला दोन बोटांवर घेऊन आली, चिरेत भरला आणि अंगठ्याने एकदाच, हलक्या हाताने दाबून सारखा केला. तेवढी जागा काळसर ओली दिसत होती. नवशी त्या जागेकडे बघत बसली. दुपार कलेपर्यंत ती वाळली आणि मग कुठे होती ते नवशीलाही सांगता आले नसते.