शरण या, राघूंनो!

मी कॅसेट बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम माझं. बटण खटकन दाबलं तरी माझी फीत थरथरते. आणि नशीब बघा, माझ्या पोटात भरले कोण, तर डोंगराएवढे यंत्रमानव!

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओतला. गोष्ट सांगणाऱ्या गृहस्थांना त्या दिवशी पडसं झालं होतं. यंत्रमानवांची पावलं म्हणून दोघं जण पत्र्याचं पिंप बडवत होते. वेष्टनावर मात्र लालबुंद डोळ्यांचा यंत्रमानव एका हाताने आगगाडी उचलत होता. त्या चित्रालाच संजय धारूरच्या बाजारात भुलला.

संजय गॅरेजात कामाला. संध्याकाळी त्याने मला टेपात घातलं. आई सरूबाई भाकरी थापत होत्या, बहीण चैताली अभ्यासाचं पुस्तक मिटून कान देऊन बसली. यंत्रमानव पृथ्वीवर उतरले आणि बोलतच बसले. 'मानवांनो, शरण या!' म्हणायचे, मग कितीतरी वेळ शांतता, मग एकदम धडाम्! पिंप. की पुन्हा भाषण.

"कशाला आणली रे ही?" सरूबाई म्हणाल्या. "ह्यांच्यापरीस ग्रामसभेत जास्त भांडणं व्हत्यात."

"थांब आई, शेवटी आगगाडी उचलतील," चैताली म्हणाली.

आगगाडी आलीच नाही.

"हिच्यावर आता गाणीच भरतो," संजय चिडून म्हणाला आणि माझ्या डोक्यावरच्या दोन खाचांत त्याने कागदाचे बोळे कोंबले. तसं केलं की नवं भरता येतं आणि जुनं पुसून जातं. म्हणजे मीच पुसून जाणार! माझ्या चक्र्या गारठल्या.

पण गाणी भरायच्या आधीच त्यांच्या वावरातल्या ज्वारीचे दाणे भरले आणि राघूंचे थवे उतरू लागले. संजयचे वडील शहादेव ऊसतोडीला गेलेले. सरूबाई पिकातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, उभ्या राहून दिवसभर 'हाऽहोऽ' ओरडायच्या, गोफण फिरवायच्या. एका सकाळी त्यांचा घसा असा बसला की तोंडातून नुसती हवा. इकडे चैतालीची बारावीची परीक्षा दुसऱ्या दिवसावर आलेली. पण कणसं गेली तर वर्षभर खायचं काय?

"पुढच्या वर्षी देते की परीक्षा," चैताली हसून म्हणाली आणि पुस्तक घेऊन माळ्यावर चढली. हसली खरी, पण पुस्तक उलटं धरलं होतं. सरूबाई खालून मान हलवत राहिल्या. न्हाई, न्हाई.

संजयला त्या एका दिवसाचीच सुट्टी होती. रेडिओवरची गाणी माझ्यावर भरायला तो टेप घेऊन वावरातच आला. मी डोळे मिटले. आणि त्याने भलतंच, वाजवायचं बटण दाबलं.

धडाम्!

चैतालीचं पुस्तक माळ्यावरून खाली. मी गर्भगळीत. आणि ज्वारीतून राघूंचा अख्खा थवा भुर्रकन वर!

"दादा, बंद करू नगंस!"

राघू बांधावरच्या कडुलिंबावर जाऊन बसले. यंत्रमानवांचं भाषण सुरू झालं. त्या रटाळ आवाजात काय भ्यायचं, म्हणून ते पुन्हा कणसांवर उतरले. धडाम्! पुन्हा लिंबावर. पिंप कधी वाजेल याचा त्यांना अंदाज येईना. खरं सांगू? मलाही अजून येत नाही.

संजयने तेलाचा रिकामा डबा माळ्यावर आडवा बांधला आणि टेप त्यात ठेवला. आवाज दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी चैताली पेपरला गेली. सरूबाई सावलीत बसून फक्त माझी बाजू पालटायच्या.

शेजारचे बिभीषण बांधावरून ओरडले, "वैनी, वावरात कोणाची पंचायत बसलीय?"

सरूबाईंना बोलता येईना. त्यांनी लिंबावरच्या राघूंकडे बोट दाखवलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"आयला! आमच्या बी वावरात लावा की उंद्या!"

माणसं कधी शरण आली नाहीत, धारूरचे राघू मात्र आले. ज्वारी घरात आली. चैताली पास झाली, आता अंबाजोगाईला कॉलेजात आहे.

माझी फीत आता सैल पडलीय. यंत्रमानव 'शऽऽरण' म्हणता म्हणता पेंगतात. परवा संजय म्हणाला, "आता तरी भरू का गाणी?"

सरूबाईंचा घसा केव्हाच सुटलाय. "खबरदार!" त्या कडाडल्या. "माझा घसा बसला तवा हीच माझा आवाज झाली." आणि नखांनी कोरून त्यांनी माझे ते दोन्ही बोळे काढून टाकले.

तेव्हा मंडळी, गोष्ट ऐकायला मला लावू नका, ती खरंच वाईट आहे. ज्वारी भरली की जरूर लावा. फक्त बटण तेवढं हळू दाबा.