तांबूस लसणाची घाई

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर डोळ्यांनी दगा दिला आणि घड्याळजीनं दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं. तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली, तीही घरातल्या घरात. गच्चीवर जाई, खाली येई, बंद नळ पुन्हा घट्ट पिळी.

"अहो, जरा एका जागी टेका की!" बायको म्हणे.

शेवटी आक्का, त्याची थोरली बहीण, लसणाचे तीन गड्डे घेऊन आली. तिची हयात रोपवाटिकेत गेलेली.

"कडक दांड्याचा आहे. मधोमध ताठ दांडा, भोवती पाकळ्यांचं एकच कडं. हा जांभळ्या पट्ट्यांचा. हा पांढरा, पाकळ्या चारच, पण अंगठ्याएवढ्या. आणि हा तांबूस. चवीला सरस, पण नखरेल. थंडीशिवाय पाकळ्या धरत नाही. तिन्ही दोन महिने फ्रीजमध्ये ठेव, मगच पेर."

त्याला कुठला धीर? विसाव्याच दिवशी त्यानं तांबूस गड्डा काढला, पाकळ्या सोडवल्या आणि गच्चीवरच्या खोक्यात पेरून टाकल्या. उरलेल्या दोन गड्ड्यांना बायकोनं हात लावू दिला नाही; ते दोन महिने भरल्यावरच आपापल्या खोक्यात गेले.

तांबूस सगळ्यांआधी उगवला. स्वारी खूश! पण पुढे बाकीच्या दोन खोक्यांत दांडे वर आले, शेंड्याशी गोल वळले. तांबसात नुसती पानंच. तो दिवसातून दहादा मातीत बोट घालून बघू लागला. शेवटी त्यानं फोन लावला.

"आक्का, तांबूस दांडा टाकत नाही गं."

"किती दिवस थंडीत होता?"

त्यानं बंद नळ पुन्हा एकदा पिळला.

"किती, बाळ?"

"वीस."

"गिऱ्हाइकाला 'परवा या' म्हणायचास, ते येत होतं ना मुकाट्यानं? बरं, बाकीच्या दोघांचे दांडे कापून घे. गड्डे पोसतील."

दांडे बायकोनं तेलात परतले. त्याला घास गोड लागला नाही.

पानं पिवळी पडली तशी आक्का आली. पांढरा आणि जांभळा टपोरे निघाले. तांबसाच्या खोक्यात मात्र कांद्यासारखे लहान गोळे, पाकळीचा पत्ता नाही.

"सगळं मातीत गेलं," तो म्हणाला.

"काही गेलं नाही. एककळी झालाय, अख्खा गड्डा म्हणजे एकच पाकळी. नीट थंडी देऊन पुन्हा पेर, पुढच्या वर्षी पाकळ्या धरेल."

"पुढच्या वर्षी?" तो कठड्यापर्यंत गेला, परत आला. "आणि तोवर मी काय करू, आक्का?"

आक्का हसली नाही. हातांची माती झटकत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"रोपवाटिकेत पिशव्या भरायला माणूस हवंय. बारीक बघायचं काम नाही, हात चालले की झालं. सोमवारी ये."

"उद्या का नको?"

बायको जिन्यातूनच ओरडली, "आत्ताच घेऊन जा ना, वन्सं!"